खेल्ल्याची काडी

तंताच्या सरकारी दवाखान्यात, तळमजल्यावर,
मी माणसांच्या छातीवर सहा रबरी वाट्या चिकटवते
आणि काळजाचं हस्ताक्षर
गुलाबी चौकटींच्या कागदावर उतरवून घेते.
दिमियाना माझं नाव. अक्षर वाचणं माझं काम नाही,
पण तेवीस वर्षांत येऊ लागतं वाचता.

बयूमीकाका पहिल्यांदा आले तेव्हा
दर ठोक्याआधी असते ती छोटी टेकडी
कागदावर नव्हतीच.
वरच्या दोन कप्प्यांत सगळे एकदम बोलत होते,
आणि खालचे, जे ऐकू येईल त्यावर धावत होते:
दोन ठोके बिलगून, एक उशिरा, मग चार धापा टाकत.
"आत कुणीतरी फासे टाकतंय," काका म्हणाले,
"आणि मला खेळात घेत नाही."

डॉक्टर शाहिनाज वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या.
गोळीच्या पाकिटावरच त्यांनी दारं काढली.
या दारानं सोडियम आत येतं, ठिणगी पडते.
त्या दारानं पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी निवते,
आणि निवली की पुन्हा पेटायला मोकळी.
ही गोळी त्या दुसऱ्या दारात पाय घालून उभी राहते.
घाई कसली, म्हणते, एकेकानं जा.
तेवढ्यात एखादी भटकी ठिणगी येते, कडी वाजवते,
आतून कुणी ओ देत नाही.
"म्हणजे मारत नाही," काका म्हणाले, "ताटकळवते."
"तसंच."

मग त्या म्हणाल्या, हिचं मूळ खेल्ल्यात आहे.
काका गप्प.
खेल्ला! मुलिदच्या गर्दीत बापाच्या खांद्यावरून
त्यांनी विकलेली ती वाळकी छत्रीसारखी फुलं,
एकेक दांडी म्हणजे एकेक दातकोरणं,
दोन पियास्त्रला अख्खं फूल.
मुतखड्यावर आई त्याचं बी उकळून द्यायची,
कडू, जीभ आत ओढून घेणारं.
कुठल्याशा थंड देशात त्या बियांतलं सत्त्व
कुणी तोडलं, जोडलं, त्यात आयोडीन घातलं,
आणि गोळी झाली, मधोमध रेघ असलेली.
"आमच्या ओळखीचंच निघालं म्हणायचं," काका म्हणाले,
"नाव बदलून आलंय एवढंच."

तीन आठवड्यांत टेकड्या परत आल्या.
मी कागद फाडून काकांच्या हातात दिला,
तसं करायचं नसतं, तरी दिला.

पुढचं सांगते.
दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचं कपाळ
ओल्या पाटीच्या रंगाचं झालं.
रमजानच्या फानूसांभोवती त्यांना निळं कडं दिसे;
बायकोला वाटे, डोळे गेले.
त्यांना मात्र ते आवडलं होतं.
रक्त तपासा, गळा तपासा, फुप्फुसांचा फोटो काढा.
आणि मी चौकोन मोजायची,
ठोका पेटल्यापासून निवेपर्यंतचे, बारीक चौकोन.
अकरा असले की आम्ही हसायचो.
बारा असले की मी दुसऱ्यांदा मोजायची.
एका मंगळवारी तेरा भरले
आणि शाहिनाजबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
फार वेळ निवत राहिलेलं काळीज
एखाद्या रात्री स्वतःभोवतीच पीळ घालतं,
दाव्याला पडतो तसा;
तो पीळ मी कागदावर दोनदा पाहिलाय.
दोन्ही वेळा कागद माझ्या हातातच संपला.

गोळी बंद केली.
पण ती गेली नाही.
चरबीत घर करून राहते ती,
महिनोन्‌महिने, भाडं थकवून.
काका पोटावर हात ठेवून म्हणतात,
"आहे अजून. रात्री ऐकू येते."
काय ऐकू येतं ते मी विचारलं नाही.

परवा आले ते कालव्याकाठचा खेल्ला घेऊन.
चौकोन साडेअकरा. टेकड्या जागच्या जागी.
आता पुढे काय, डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही.
जाताना त्यांनी फुलातली एक दांडी मोडून
माझ्या टेबलावर ठेवली.

जेवल्यावर दातात तीळ अडकला की
मी खण उघडते, तिच्याकडे बघते,
आणि जिभेनंच काम भागवते.